अनिता अवचट

डॉ. अनिता अनिल अवचट (मृत्यू: फेब्रुवारी १९९७) या मराठी मनोविकारतज्ज्ञ आणि पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राच्या संस्थापक होत्या. कुटुंबात, मित्रमंडळीत आणि पती अनिल अवचट यांच्या लेखनात त्या सुनंदा या नावाने ओळखल्या जातात. येरवडा येथील मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम करीत असताना २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्याच आवारात त्यांनी मुक्तांगणाचे काम सुरू केले. व्यसनाला आजार मानणारी वैद्यकीय दृष्टी, व्यसनातून बाहेर पडलेल्यांनी इतरांना हात देण्याची स्वमदत गटांची पद्धत आणि रुग्णाच्या कुटुंबाचा उपचारातील सहभाग या तीन गोष्टींची सांगड घालणारे काम महाराष्ट्रात रुजविण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

शिक्षण आणि विवाह

अनिता अवचट यांचे वैद्यकीय शिक्षण पुण्यात झाले. बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असलेले अनिल अवचट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. अनिल अवचट हे मूळचे पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यातल्या ओतूरचे. कल्याणहून मुरबाड, टोकावडे आणि माळशेज घाट ओलांडून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या मार्गावर हे गाव आहे. डॉक्टर होऊनही अनिल अवचट यांनी वैद्यकीय व्यवसाय सोडून पत्रकारिता आणि सामाजिक विषयांवरील लेखनाची वाट धरली. कष्टकरी, भटके आणि विस्थापित यांच्या जीवनावरील त्यांच्या लेखनासाठी सतत भटकंती लागे आणि त्यातून मिळणारे उत्पन्न बेताचे असे. अनिताबाईंनी नोकरी करून घर चालवावे आणि पतीने लेखन, सामाजिक काम व मुलींचे संगोपन यांकडे लक्ष द्यावे, अशी या दांपत्याची व्यवस्था होती. स्त्रीने मिळवावे आणि पुरुषाने घर सांभाळावे ही गोष्ट त्या काळातील पांढरपेशा मराठी समाजात सहजी पचणारी नव्हती.

त्यांना मुक्ता आणि यशोदा या दोन मुली. दोघींचेही शालेय शिक्षण महानगरपालिकेच्या मराठी शाळेत झाले. साधी राहणी, मोजक्या गरजा आणि सर्वांसाठी उघडे घर ही अवचट कुटुंबाची ओळख होती.

मनोरुग्णालयातील काम

मनोविकारशास्त्र हा विषय निवडल्यावर अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात रुजू झाल्या. देशातील मोठ्या मनोरुग्णालयांपैकी हे एक. मनोरुग्णाला 'वेडा' म्हणून बाजूला सारण्याची वृत्ती समाजात खोलवर होती आणि बरे झालेल्या रुग्णालाही घरी परत नेण्यास अनेक कुटुंबे तयार नसत. औषधाने लक्षणे आटोक्यात येतात, पण माणसाला पुन्हा माणसांत स्वीकारले गेल्याशिवाय उपचार पुरा होत नाही, हे अशा रुग्णालयात काम करणाऱ्या डॉक्टरला रोज दिसणारे वास्तव होते. पुढे व्यसनमुक्तीच्या कामात कुटुंब आणि समाज यांना जे स्थान मिळाले, त्याची पूर्वतयारी या नोकरीत झाली.

पार्श्वभूमी : दारूबंदी आणि व्यसनमुक्ती

महाराष्ट्रात दारूविरोधी विचाराची परंपरा जुनी आहे. संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांच्या वडिलांचे आयुष्य दारूने संपविले होते. कीर्तनात गावकऱ्यांना प्रश्न विचारून ते व्यसन आणि कर्ज यांचा संबंध लोकांच्याच तोंडून वदवून घेत. मुंबई राज्याने १९४९ मध्ये दारूबंदी कायदा केला. पुढे त्याचे निर्बंध सैल होत गेले आणि परवान्याची पद्धत रुजली. ठाणे, रायगड, गडचिरोली यांसारख्या जिल्ह्यांच्या ग्रामीण व आदिवासी भागात मोहाची आणि हातभट्टीची दारू बंदीच्या काळातही मिळत राहिली. गडचिरोली जिल्ह्यात लोकचळवळीनंतर १९९३ मध्ये दारूबंदी लागू झाली.

या साऱ्या प्रयत्नांचा रोख दारूच्या उपलब्धतेवर होता. ज्याला दारूची सवय शरीराने आणि मनाने जडली आहे, त्या माणसाचे काय करावे, हा प्रश्न बहुतेक वेळा मागे राही. घरचे लोक शपथा घालत, गळ्यात माळ घालवीत, देवस्थानी नेत, मारहाण करीत किंवा कोंडून ठेवीत. काही दिवस बरे जात आणि मग पुन्हा पहिले पाढे सुरू होत. शपथ मोडली की तो माणूस नीतीने घसरलेला ठरे आणि पुढच्या प्रयत्नाची उमेदही संपे.

गर्दची साथ

१९८०च्या दशकात मुंबई आणि पुण्यात 'गर्द' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ब्राऊन शुगरचा, म्हणजे अशुद्ध हेरॉइनचा, वेगाने प्रसार झाला. चांदीच्या कागदावर पूड तापवून तिचा धूर ओढणारी मुले झोपडपट्टीपासून बंगल्यांपर्यंत सर्वत्र दिसू लागली. केंद्र सरकारने १९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी कडक कायदा केला, परंतु व्यसनात अडकलेल्यांसाठी उपचारांची सोय फारच तुटपुंजी होती. गर्द थांबवताच अंगदुखी, उलट्या, जुलाब, निद्रानाश आणि तीव्र अस्वस्थता सुरू होते. व्यसनींच्या बोलीत या अवस्थेला 'टर्की' म्हणतात. तिच्या भीतीनेच अनेक मुले पुन्हा पुडीकडे वळत.

अनिल अवचट यांनी या विषयाचा शोध घेऊन वृत्तपत्रीय लेखमाला लिहिली आणि पुढे ती 'गर्द' या पुस्तकाच्या रूपाने प्रसिद्ध झाली. व्यसनी मुलांच्या या हकिकतींनी मराठी वाचक हादरून गेला. त्या वाचकांत पु. ल. देशपांडे आणि सुनीता देशपांडे हेही होते. अनिता अवचट मनोविकारतज्ज्ञ आहेत आणि अशा रुग्णांवर उपचार करू शकतात, हे लक्षात घेऊन देशपांडे दांपत्याने केंद्र उभारण्यासाठी आपल्या प्रतिष्ठानातर्फे आर्थिक पाठबळ देण्याची तयारी दाखविली. लेखकाने प्रश्न मांडावा, वाचकाने हात पुढे करावा आणि डॉक्टरने काम उभे करावे, असा हा दुर्मीळ योग होता.

मुक्तांगणाची स्थापना

येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात उपलब्ध झालेल्या जागेत २९ ऑगस्ट १९८६ रोजी केंद्राचे काम सुरू झाले. 'मुक्तांगण' या नावात मुक्ती आणि अंगण हे दोन्ही अर्थ आहेत. रुग्णाला तुरुंगात किंवा वेड्यांच्या इस्पितळात आणून टाकल्यासारखे वाटू नये, हा विचार संस्थेच्या वातावरणात प्रथमपासून राहिला. सुरुवातीला येणारे रुग्ण प्रामुख्याने गर्दचे होते. काळाच्या ओघात दारूच्या रुग्णांचे प्रमाण वाढत गेले आणि मुक्तांगण हे मुख्यतः दारूच्या व्यसनावरील उपचारांसाठी महाराष्ट्रभर ओळखले जाऊ लागले.

अनिता अवचट यांनी केंद्राची वैद्यकीय आणि प्रशासकीय धुरा वाहिली. ठाण्याचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांच्यासारखे तरुण सहकारी या कामाशी जोडले गेले. नाडकर्णी यांनी पुढे १९९० मध्ये ठाण्यात मानसिक आरोग्य संस्थेची स्थापना केली.

उपचारपद्धती

व्यसन हा आजार आहे, ही मुक्तांगणातील उपचारांची मूळ भूमिका आहे. मधुमेहाप्रमाणे तो कायमचा नाहीसा होत नाही, मात्र पथ्य पाळून आटोक्यात ठेवता येतो. या आजारातले पथ्य म्हणजे पहिला घोट टाळणे. प्रमाणात पिण्याचा प्रयोग व्यसनी माणसाला मानवत नाही, कारण एका प्याल्यानंतर थांबण्याची शक्तीच आजाराने हिरावलेली असते.

उपचाराचे टप्पे साधारणपणे असे आहेत. पहिल्या टप्प्यात शरीरातील अमली द्रव्याचा अंमल उतरविला जातो. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली, तर हातापायांना कंप सुटणे, घाम येणे, झोप उडणे, भास होणे, फिट येणे असे त्रास होऊ शकतात. दारू थांबविल्यानंतरचे पहिले काही दिवस यात विशेष धोक्याचे असतात आणि क्वचित प्रसंगी ही अवस्था जीवावर बेतते. म्हणून हा टप्पा डॉक्टरांच्या देखरेखीखाली पार पाडावा लागतो. घरी कोंडून दारू सोडविण्याचे प्रयत्न का फसतात आणि का घातक ठरतात, याचे उत्तर येथे मिळते.

दुसऱ्या टप्प्यात मनावर काम होते. योगासने, श्रमदान, समुपदेशकाशी वैयक्तिक बोलणे, गटातील चर्चा, व्यसनाच्या आजाराविषयीची व्याख्याने आणि खेळ व संगीत यांनी दिवस आखलेला असतो. वेळेवर उठणे, आपले अंथरूण आपण आवरणे, ठरलेल्या वेळी जेवणे या साध्या गोष्टी व्यसनाच्या वर्षांत मोडून गेलेल्या असतात. त्यांची घडी पुन्हा बसविणे हाही उपचाराचा भाग मानला जातो. निवासी उपचारांचा काळ आज सुमारे पाच आठवड्यांचा आहे.

तिसरा टप्पा पाठपुराव्याचा. तो सर्वांत लांब असतो आणि सर्वांत कठीणही. केंद्रातून बाहेर पडलेला माणूस त्याच गल्लीत, त्याच मित्रांत, त्याच कर्जात आणि त्याच भांडणांत परततो. त्याच्यावर घरच्यांचा विश्वास बसलेला नसतो. लग्नाची वरात, जत्रा, पगाराचा दिवस, वर्षअखेरची रात्र हे कसोटीचे प्रसंग असतात. रुग्णाने ठरलेल्या काळाने केंद्रात किंवा आपल्या भागातील पाठपुरावा गटात येत राहावे, यावर मुक्तांगणाचा भर राहिला. पाय घसरून पुन्हा पिणाऱ्याला दारे बंद केली जात नाहीत. घसरण हा आजाराचाच भाग समजून कुठे तोल गेला याचा शोध घेतला जातो.

उपचारातून बाहेर पडलेल्यांपैकी अनेकांनी संस्थेतच कार्यकर्ते म्हणून काम स्वीकारले. नवागताची लबाडी, त्याची भीती आणि त्याची लाज यांची ओळख या कार्यकर्त्यांना स्वतःच्या अनुभवातून असते. डॉक्टरांपुढे बोलायला संकोचणारा रुग्ण त्यांच्यापुढे सहज मोकळा होतो.

स्वमदत गटांशी नाते

मुक्तांगणाच्या पद्धतीवर अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजेच 'एए', या जागतिक बिरादरीचा ठसा आहे. अमेरिकेतील ॲक्रन या गावी १९३५ मध्ये बिल विल्सन हा शेअरदलाल आणि बॉब स्मिथ हा शल्यचिकित्सक एकत्र आले. दोघेही दारूने खचलेले होते. एका पिणाऱ्याने दुसऱ्याशी मोकळेपणाने बोलल्यास दोघांनाही न पिता राहता येते, या अनुभवातून हे काम वाढत गेले. १९३९ मध्ये त्यांच्या अनुभवांचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्यातील बारा पायऱ्या पुढे जगभर वापरल्या जाऊ लागल्या. १९५१ मध्ये विल्सन यांच्या पत्नी लुईस यांच्या पुढाकाराने व्यसनींच्या कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉन ही स्वतंत्र संघटना उभी राहिली. भारतात एएचे काम १९५७ पासून सुरू आहे आणि मुंबई हे त्याचे आरंभीच्या केंद्रांपैकी एक.

एएच्या सभेला फी नसते, नावनोंदणीची सक्ती नसते आणि सभासदत्वाची अट एकच असते, ती म्हणजे दारू सोडण्याची इच्छा. खर्च सभासदांच्या ऐच्छिक वर्गणीतून भागविला जातो. बंद सभेत फक्त दारूची समस्या असलेलेच बसतात, तर खुल्या सभेला नातेवाईक आणि अभ्यासकही येऊ शकतात. प्रत्येक जण स्वतःविषयी बोलतो. त्याला कोणी अडवीत नाही आणि सल्लाही देत नाही. सभेत ऐकलेले बाहेर बोलायचे नसते. एक दिवस, म्हणजे केवळ आजचा दिवस, न पिता काढायचा, हे या मार्गाचे सूत्र आहे. जुना सभासद नव्याचा मार्गदर्शक होतो आणि अवेळी ओढ लागल्यास नव्याने त्याला हाक मारावी, अशी रीत आहे.

डॉक्टरी उपचार आणि अशा सभा यांत विरोध नाही, ही भूमिका मुक्तांगणाच्या कामातून स्पष्ट झाली. औषध पहिल्या काही दिवसांचा धोका निभावून नेते, तर गट पुढची वर्षे निभावून नेतो. व्यसनमुक्तीचा वाढदिवस साजरा करण्याची पद्धतही स्वमदत गटांच्या परंपरेशी जुळणारी आहे. दारू सोडून एक वर्ष, पाच वर्षे, दहा वर्षे पूर्ण करणाऱ्याचे सर्वांसमोर कौतुक होते आणि कालच उपचाराला आलेला माणूस ते पाहत असतो.

कुटुंबाचा सहभाग

व्यसनी माणूस एकटा आजारी पडत नाही, तर त्याचे घरही आजारी पडते. पत्नी कामावर खोटे निरोप देते, देणी फेडते, शेजाऱ्यांपासून मार लपविते, पैसे दडवून ठेवते. मुले वडिलांच्या पावलांचा आवाज ओळखून गप्प होतात. नवरा सुधारला की सारे सुरळीत होईल, या आशेवर वर्षे सरतात. तिचे स्वतःचे दुःख, संताप आणि भीती यांवर मात्र कोणी बोलत नाही. मुक्तांगणात रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट चालतो. नवऱ्याच्या पिण्याला आपण कारणीभूत नाही, त्याला सोडवून आणण्याची जबाबदारी आपल्या एकटीची नाही आणि तो पीत असला तरी आपले आयुष्य सावरता येते, हे अशा गटात बायका एकमेकींकडून शिकतात. दारू सुटल्यानंतरही संसारातील जुने संशय लगेच मिटत नाहीत. त्या काळातही हा गट आधाराचा ठरतो.

ग्रामीण भागातील अडचणी

शहरात सुरू झालेली ही पद्धत खेड्यात नेताना वेगळ्या अडचणी येतात. मुरबाड, शहापूर, जुन्नर यांसारख्या तालुक्यांत वाड्या-पाडे विखुरलेले असतात. टोकावड्यासारख्या गावातून तालुक्याच्या किंवा शहराच्या ठिकाणी भरणाऱ्या सभेला जायचे, तर एसटीची वेळ सांभाळावी लागते आणि मजुराची दिवसाची रोजी बुडते. त्याहून अवघड बाब म्हणजे अनामिकता. सारे एकमेकांना नावाने आणि भावकीने ओळखत असलेल्या गावात कोण कुठल्या सभेला गेला, हे लपत नाही. यामुळे काही जण दूरच्या गावातील सभा निवडतात. दुसरीकडे, गावात एखादा माणूस खरोखर दारू सोडून नीट जगू लागला, तर त्याची वार्ताही तितक्याच वेगाने पसरते आणि त्याच्या घराची पायरी इतर चढू लागतात. बाहेरगावच्या रुग्णांसाठी त्यांच्या भागात पाठपुरावा गट भरविण्याची मुक्तांगणाची पद्धत या वास्तवाला धरून आहे.

आजार आणि निधन

मुक्तांगणाचे काम वाढत असतानाच अनिता अवचट यांना कर्करोगाने गाठले. आजारपणातही त्यांनी कामाशी असलेला संबंध सुटू दिला नाही. आपल्या माघारी केंद्र एका व्यक्तीवर अवलंबून राहू नये, ही गरज या काळात अधिकच ठळक झाली. फेब्रुवारी १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले. केंद्र सुरू होऊन तेव्हा पुरती अकरा वर्षेही झाली नव्हती.

वारसा

त्यांच्या पश्चात अनिल अवचट, सहकारी डॉक्टर आणि व्यसनमुक्त कार्यकर्ते यांनी काम पुढे नेले. कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी मानसशास्त्राचे शिक्षण घेऊन संस्थेत काम सुरू केले आणि पुढे केंद्राची सूत्रे सांभाळली. येरवडा परिसरात मुक्तांगणाची स्वतंत्र इमारत उभी राहिली. व्यसनाधीन स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा स्वतंत्र विभाग सुरू झाला. पुरुषाचे पिणे समाज हसण्यावारी नेतो, स्त्रीचे पिणे मात्र लपविले जाते आणि म्हणून तिला उपचारही उशिरा मिळतात. ही उणीव या विभागाने काही अंशी भरून काढली.

अनिताबाईंच्या स्मृतिनिमित्त संस्थेतर्फे संघर्ष सन्मान पुरस्कार दिला जातो. अनिल अवचट यांच्या 'मुक्तांगणची गोष्ट' या पुस्तकात केंद्राच्या जडणघडणीची हकिकत आली आहे आणि त्यांच्या इतर आत्मपर लेखनातही सुनंदा या नावाने त्या वाचकांना भेटतात. अनिल अवचट यांचे २७ जानेवारी २०२२ रोजी निधन झाले.

अनिता अवचट यांनी स्वतः फारसे लेखन मागे ठेवलेले नाही. त्यांचे काम मुख्यतः त्यांनी उभ्या केलेल्या संस्थेत आणि तेथे घडलेल्या कार्यकर्त्यांत दिसते. शपथ मोडली म्हणून ज्यांना घरादाराने टाकले होते, अशा माणसांना आजारी म्हणून वागवावे आणि बरे झाल्यावर त्यांनाच दुसऱ्याच्या मदतीला उभे करावे, ही त्यांनी घालून दिलेली रीत मुक्तांगणात आजही चालू आहे.